धुक्याच्या किनाऱ्यावर शिडाची नौका: नागपुरातून निघणाऱ्या नवख्यांसाठी

नागपुरातलं धुकं आपल्या ओळखीचं आहे. डिसेंबर-जानेवारीची पहाट, वर्धा रोडवर दिवे लावून सरकणारे ट्रक, दिल्लीकडून येणाऱ्या गाड्यांना झालेला पाच-सहा तासांचा उशीर. मग नऊ-साडेनऊला ऊन चढतं आणि झाडं, गच्च्या, पाण्याच्या टाक्या एकेक करून परत दिसायला लागतात. कॅनडाच्या ईशान्य टोकाला, लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर, मी पहिल्यांदा एका बत्तीस फुटी शिडाच्या नौकेवर खलाशी म्हणून गेलो तेव्हा हीच समजूत बरोबर घेऊन गेलो होतो. सकाळी धुकं दिसलं. वाटलं, ऊन आलं की निघू. ऊन आलं, डोक्यावर निळं आकाशही दिसलं, पण नौकेच्या नाळेपुढचं, म्हणजे पुढच्या टोकासमोरचं, पाणी काही दिसेना. तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि जमिनीकडून वाहू लागला, तेव्हा कुठे समोरचं बेट दिसलं.

आता आपल्याकडची काही मुलंमुली मला विचारतात की अशा किनाऱ्यावर जायचं तर सुरुवात कुठून करायची. हा लेख त्यांच्यासाठी. धुक्यात काय करायचं ते धुकं येण्याआधी ठरलेलं असावं लागतं, आणि ही सवय समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर बसूनही लावून घेता येते. निम्मी तयारी नागपुरातच होते, असं मी अनुभवाने सांगतो.

आधी हे धुकं समजून घ्या

आपल्याकडे हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो. जमीन दिवसाची उष्णता सोडून गार पडते, तिला टेकलेली हवा गार होते आणि त्या हवेतल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. सकाळी जमीन तापली की थेंब विरतात. समुद्रावरच्या धुक्याची तऱ्हा वेगळी. तिथे पाणी मुळातच गार असतं. आर्क्टिककडून खाली येणारा लॅब्राडोर प्रवाह जुलै महिन्यातही बर्फाळ पाणी घेऊन वाहतो, आणि दक्षिणेकडून गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहावरची दमट हवा त्याच्यावर येऊन पसरते. उबदार हवा गार पाण्यावर आली की धुकं तयार होतं, आणि हवा येत राहिली की होतच राहतं. लॅब्राडोरच्या दक्षिणेला असलेल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या आग्नेयेला ग्रँड बँक्स नावाचा उथळ समुद्र आहे. तिथे वर्षातले दोनशेच्या आसपास दिवस धुक्याचे असतात.

यातून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. सूर्य समुद्र तापवू शकत नाही, म्हणून उन्हाची वाट पाहू नका. आणि वारा सुटला म्हणजे धुकं उडेल असंही धरू नका. वीस नॉटच्या, म्हणजे तासाला सुमारे सदतीस किलोमीटरच्या, वाऱ्यातही ते दाट राहतं. विचारायचा प्रश्न एकच: वारा कुठून आहे? समुद्रावरून येत असेल तर धुकं आहे किंवा येणार आहे. जमिनीवरून येत असेल तर बहुतेक वेळा मोकळं होतं.

घरच्या घरी करण्यासारखा एक अभ्यास सांगतो. सोनेगाव विमानतळाच्या हवामान-नोंदीत तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे थेंब होऊ लागतात तो) असे दोन आकडे शेजारी शेजारी मिळतात. नोव्हेंबरपासून रोज पहाटे ते वहीत उतरवा आणि खिडकीतून बाहेर पाहा. दोन आकड्यांतलं अंतर एक-दोन अंशांवर आलं की बाहेर काय दिसतं, हे महिनाभरात तुमच्या अंगवळणी पडेल. समुद्रावर हवेचा दवबिंदू आणि पाण्याचं तापमान यांची तुलना करायची असते. पाणी दवबिंदूपेक्षा गार असेल तर धुकं धरूनच चाला.

नागपुरात बसून शिकायच्या गोष्टी

होकायंत्रापासून सुरुवात करा. नागपुरात होकायंत्राची सुई दाखवते ती उत्तर आणि नकाशावरची खरी उत्तर यांत जवळजवळ फरक नाही. त्यामुळे हा फरक असतो हेच आपल्याला शिकायला मिळत नाही. लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर सुई खऱ्या उत्तरेच्या साधारण वीस अंश पश्चिमेला झुकते. ही चूक केवढी महाग पडते त्यासाठी खलाशांचा एक सोपा हिशोब आहे: साठ मैलांवर एक अंश चुकला तर तुम्ही एक मैल बाजूला जाता. म्हणजे बारा मैलांच्या छोट्या टप्प्यात वीस अंश विसरलात तर चार मैल चुकलात. तेवढ्यात एक अख्खं बेट मधे येतं. तिथला सागरी नकाशा मागवा, त्यावर छापलेलं दिशाचक्र पाहा आणि फरक मिळवणं-वजा करणं कागदावर इतक्या वेळा करा की झोपेतही चुकणार नाही.

मग अंदाजाने चालणं. वेग, वेळ, दिशा या तिघांवरून आपण कुठे आहोत ते काढायचं. समुद्रातला मैल १८५२ मीटरचा, आणि तासाला एक मैल म्हणजे एक नॉट. पाच नॉटने चाललात तर सहा मिनिटांत अर्धा मैल. वेगाचा दहावा भाग म्हणजे सहा मिनिटांचं अंतर, हे सूत्र मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. रेशीमबागच्या मैदानावर पहाटे, गर्दी होण्याआधी, टोपी डोळ्यांवर ओढून फक्त हातातल्या होकायंत्राकडे पाहत चाला. शंभर पावलं पूर्वेला, शंभर दक्षिणेला, शंभर पश्चिमेला, शंभर उत्तरेला. सोबत एकजण ठेवा, कुठे धडकू नये म्हणून. निघालात त्या जागेपासून किती लांब थांबलात ते मोजा. सुरुवातीला दहा-पंधरा पावलांचा फरक येतो. तो कमी होत जातो, आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेवर विश्वास ठेवायला मन शिकतं.

कान तयार करा. रात्री गच्चीवर डोळे मिटून बसा आणि अजनीकडून येणाऱ्या इंजिनाचा भोंगा नेमका कोणत्या दिशेने आला ते बोटाने दाखवा, मग डोळे उघडून ताडून बघा. धुक्यात आवाज फसवतो. कधी जवळचा ऐकू येत नाही, कधी लांबचा कानाशी वाजल्यासारखा वाटतो. म्हणून एका आवाजावर कधीच निर्णय घेऊ नका. तीन-चार वेळा ऐका आणि दिशा बदलते की तीच राहते ते पाहा. दिशा तीच राहून आवाज वाढत असेल तर ते जहाज तुमच्यावरच येत आहे.

गाठींबद्दल फार लिहीत नाही. बोलाइन (न सरकणाऱ्या फासाची गाठ), क्लीटवर म्हणजे दोर गुंडाळायच्या खुंटीवर दोर अडकवणं आणि दोन अर्ध्या गाठी या तीन गोष्टी हातमोजे घालून, डोळे मिटून आल्या पाहिजेत.

शाळा-कॉलेजात असाल तर एनसीसीच्या नौदल विभागात नाव घाला. अंबाझरीच्या पाण्यावर वल्हं मारण्याची आणि शीड हाताळण्याची सवय तिथे लागते. तलावातला वारा कडेच्या झाडांमुळे आणि इमारतींमुळे सारखा दिशा बदलतो, आणि असा लहरी वारा शिकायला चांगलाच. पोहणं मात्र आधीच आलं पाहिजे.

मग खारं पाणी

तलावावरून थेट लॅब्राडोरला जाऊ नका. मुंबईच्या बंदरात शिडाच्या नौका शिकवणारे क्लब आणि शाळा आहेत. तिथे किमान एक मोसम काढा. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या अभ्यासक्रमात पहिला टप्पा पाच दिवसांचा, नौकेवर राहून करायचा असतो. त्यानंतरचा टप्पा नौकेचा ताबा घेण्याचा. या दुसऱ्या टप्प्याची पुस्तकी बाजू घरी बसून करता येते. जवळच्या पल्ल्याच्या रेडिओचं प्रमाणपत्रही घ्या. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' ही गोव्यात बांधलेली नौका एकट्याने जगाभोवती नेली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या सफरीआधी तयारीलाच काही वर्षं गेली होती, हे घाई करणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगतो.

पहिल्या वर्षी नौका भाड्याने घेण्याचा विचारही करू नका. तो किनारा ओळखणाऱ्या अनुभवी कप्तानाबरोबर खलाशी म्हणून जा. मोसम लहान आहे, साधारण जुलै ते सप्टेंबरचा मध्य. कार्टराइट गावाच्या उत्तरेला किनाऱ्यावरच्या गावांना जोडणारा रस्ताच नाही. नेन हे तिथलं उत्तरेकडचं शेवटचं गाव. त्याच्या पुढे डिझेल, दुकान, दवाखाना काही नाही आणि टोर्नगाटच्या डोंगरांत पांढरी अस्वलं आहेत. तिथे किनाऱ्यावर उतरायचं तर तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणजे इन्युइटांपैकी, रक्षक बरोबर घ्या.

एक इशारा ठळक लिहून ठेवा. मुंबईत बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला ठेवायचा, हे तुम्ही शिकाल. कॅनडात नेमकं उलट आहे: बंदरात शिरताना लाल बोया उजव्या हाताला. जगात बोयांच्या दोन पद्धती आहेत आणि भारत व कॅनडा वेगवेगळ्या पद्धतीत येतात. धुक्यातून अचानक वीस मीटरवर लाल बोया उभा राहिला की विचार करायला वेळ नसतो. सुकाणूजवळ कागदाची पट्टी चिकटवून ठेवा.

नकाशावर किती विश्वास ठेवायचा

उत्तर लॅब्राडोरचे काही भाग आजही नीट मोजलेले नाहीत. नकाशावर खोलीच्या आकड्यांची एकच रेघ दिसते आणि दोन्ही बाजूंना कोरा कागद. कोरा कागद म्हणजे तिथे खडक नाहीत असं नाही, तिथे कुणी मोजलं नाही असा त्याचा अर्थ. शिवाय जुन्या नकाशांवर खोली फॅदममध्ये असते, नव्यांवर मीटरमध्ये. एक फॅदम म्हणजे सहा फूट. नकाशा उघडल्यावर पहिल्यांदा हे वाचा. काही जुन्या नकाशांची मोजणी जीपीएसच्या मोजणीशी जुळत नाही, त्यामुळे पडद्यावर नौका पाण्यात दिसते आणि प्रत्यक्षात ती खडकाच्या शेजारी असते. म्हणून पडदा एकीकडे, खोलीमापक दुसरीकडे, आणि दोघांचं म्हणणं जुळतंय का ते दर दहा मिनिटांनी पाहायचं.

चांगली उपकरणं असली की झालं, असं वाटणाऱ्यांसाठी लॅब्राडोर आणि न्यूफाउंडलंड यांच्यामधल्या बेल आइलच्या सामुद्रधुनीतल्या पॉइंट अमूर या टोकाची गोष्ट सांगतो. तिथे १८५८ पासून उंच दीपगृह उभं आहे. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश नौदलाची एचएमएस रॅले ही मोठी क्रूझर युद्धनौका धुक्यात त्याच टोकावर खडकाला लागली आणि पुन्हा निघाली नाही. दीपगृह होतं, शिकलेले अधिकारी होते, शेकडो खलाशी होते.

धुकं येताना आणि आल्यावर

क्षितिजाची रेघ पुसट होते, लांबच्या बेटाचा पायथा दिसेनासा होतो आणि माथा तरंगल्यासारखा वाटतो, गालाला एकदम ओलावा लागतो. ही खूण दिसली की त्याच क्षणी पुढची कामं, याच क्रमाने:

१. आपली जागा नकाशावर पेन्सिलने मांडा आणि बाजूला वेळ लिहा. डोळ्यांना दिसत असताना मांडलेला हा ठिपका पुढचे सगळे तास तुम्हाला सांभाळतो.

२. सगळ्यांनी लाइफजॅकेट घालायचं. खाली झोपलेल्यांना वर बोलवायचं.

३. दिवे लावा. रडारचा परावर्तक डोलकाठीवर जितका उंच जाईल तितका चढवा. एआयएस (आपली जागा आसपासच्या जहाजांना आपोआप कळवणारं यंत्र) सुरू असल्याची खात्री करा, पण लहान मासेमारी होड्यांवर ते नसू शकतं हे विसरू नका.

४. एकाला नाळेवर बसवा. त्याचं काम फक्त पाहणं आणि ऐकणं. वीस मिनिटांनी माणूस बदला, कारण पांढऱ्याकडे टक लावून डोळे नसलेल्या गोष्टी दाखवायला लागतात.

५. वेग कमी करा.

वेगाचा हिशोब एकदा मनात करून ठेवा. पाच नॉटने तुम्ही सेकंदाला अडीच मीटर सरकता. पन्नास मीटर दिसत असेल तर समोरच्या खडकापर्यंत वीस सेकंद. समोरून अठरा नॉटने जहाज येत असेल आणि किलोमीटरभर दिसत असेल, तर दोघांमध्ये दीड मिनिटही नाही.

भोंग्याची भाषा १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत ठरलेली आहे. फक्त शिडावर चाललात तर एक लांब, दोन छोटे. इंजिनावर चाललात तर एक लांब. दोन्ही दर दोन मिनिटांत एकदा तरी. लांब म्हणजे चार ते सहा सेकंद, छोटा म्हणजे साधारण एक. बारा मीटरपेक्षा लहान नौकेला नेमका हाच भोंगा सक्तीचा नाही. ठरावीक वेळाने काहीतरी ठळक आवाज केला तरी चालतो. तरीही मी म्हणेन की हाच वाजवा, म्हणजे ऐकणाऱ्याला तुम्ही कोण ते कळेल. गॅसच्या डब्याचा भोंगा संपतो, म्हणून तोंडाने फुंकायचा एक जवळ ठेवा. इंजिन चालू असेल तर दर काही मिनिटांनी बंद करा आणि मिनिटभर सगळ्यांनी गप्प बसून ऐका. पुढच्या बाजूने दुसऱ्याचा भोंगा ऐकू आला तर सुकाणू जेमतेम ऐकेल इतका वेग ठेवा. गरज पडली तर नौका थांबवा. तो कुठे आहे हे कळेपर्यंत घाईने वळू नका.

आता किनारा शोधायचा कसा. बंदराच्या तोंडावर थेट नेम धरू नका. तोंड चुकलं तर ते डावीकडे राहिलं की उजवीकडे, हे कळणार नाही. मुद्दाम एका बाजूला, समजा अर्धा मैल दक्षिणेला, नेम धरा. किनारा लागला की उत्तरेला वळायचं आहे हे पक्कं असतं. किनाऱ्याजवळ खोलीची रेघ धरून चाला: नकाशावर वीस मीटरची रेघ बंदरापर्यंत स्वच्छ जात असेल तर खोलीमापकावर वीसचा आकडा धरून ठेवा. आकडा वाढला तर जमिनीकडे, घटला तर समुद्राकडे थोडं वळायचं. पायाखालच्या पायवाटेसारखी ती रेघ तुम्हाला नेते. ही युक्ती सरळ उभे कडे असलेल्या ठिकाणी चालत नाही, कारण तिथे खोली एकदम बदलते. तिथे जुन्या खलाशांचा प्रतिध्वनी कामाला येतो. भोंगा वाजवा आणि सेकंद मोजा. प्रत्येक सेकंदाला सुमारे १७० मीटर. तीन सेकंदांनी आवाज परत आला तर कडा पाचशे मीटरवर आहे.

आणि सर्वांत आधी ठरवून ठेवायची गोष्ट: कोणत्या वेळी, कोणत्या जागी परत फिरायचं किंवा बाहेर खोल पाण्यात जाऊन थांबायचं. धुक्यात अनोळखी तोंडातून आत शिरण्यापेक्षा मोकळ्या समुद्रात रात्र काढणं बहुतेक वेळा सुरक्षित असतं. थकलेल्या माणसाला हे पटत नाही, म्हणून निघण्याआधी सगळ्यांसमोर बोलून, लिहून ठेवा.

बर्फ आणि गार पाणी

ग्रीनलंडच्या हिमनद्यांपासून सुटलेले हिमनग लॅब्राडोर प्रवाहाबरोबर याच किनाऱ्याने खाली येतात. टायटॅनिक १९१२ मध्ये अशाच एकाला धडकलं आणि १९१४ पासून आंतरराष्ट्रीय बर्फ-गस्त सुरू झाली. मोठा हिमनग रडारवर बहुधा दिसतो. भीती त्याच्यापासून सुटलेल्या तुकड्यांची आहे. पाण्यावर मीटरभरही न दिसणारा तुकडा लाटांत रडारला सापडत नाही, आणि त्याचा बहुतेक भाग पाण्याखाली असतो. हिमनग वाऱ्याच्या वरच्या, म्हणजे वारा येतो त्या, बाजूने ओलांडा, कारण तुकडे वाऱ्याबरोबर खालच्या बाजूला पसरतात. अंतर त्याच्या लांबीइतकं किंवा उंचीच्या दुप्पट, जे जास्त असेल ते ठेवा. तो कधीही उलटतो. जिथे बर्फ असण्याची शक्यता आहे तिथे रात्री आणि दाट धुक्यात चालायचं नाही.

गार पाण्यात पडल्यावर काय होतं, हे कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी सोपं करून सांगितलं आहे: एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास. पहिला मिनिट श्वास ताब्यात आणण्यासाठी. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ती साधारण दहा मिनिटं. शुद्ध हरपायला सुमारे तास. म्हणजे माणूस गारठून जाण्याच्या कितीतरी आधी त्याचे हात निकामी होतात. अंबाझरीत कितीही चांगलं पोहलात तरी इथे लाइफजॅकेटशिवाय ते पोहणं पुरत नाही. डेकवर पुढे जाताना हार्नेस, म्हणजे अंगावरचा पट्टा, नौकेला अडकवा. सुती कपडे घरी ठेवा. ओले झाले की ते अंगातली ऊब ओढून घेतात. लोकरीचे थर, वरून पाणी न शिरणारा जाड कोट-पँट.

खाण्याचं: पहिल्या दोन दिवसांत तर्रीची आठवण काढू नका, पोट लाटांना सरावेपर्यंत मऊ खिचडी आणि आलं बरं. झाकण घट्ट बसणारा प्रेशर कुकर नौकेवर फार उपयोगी. उलटला तरी गरम अन्न अंगावर सांडत नाही. भाजलेलं पीठ, पोहे, शेंगदाणे चालतात. विमानतळावर कस्टमला जे नेताय ते सगळं सांगा.

नांगर टाकल्यावर

खाडीत पोचलात, नांगर टाकला, तरी धुकं आहे तोवर काम संपलेलं नाही. नांगरलेल्या मोठ्या नौकेने दर मिनिटाला पाच सेकंद घंटा वाजवायची असते. लहान नौकेवर तेवढी सक्ती नसली तरी जाण्यायेण्याच्या वाटेत असाल तर वाजवा. नांगर धरला की नाही हे किनाऱ्याकडे पाहून कळणार नाही, कारण किनाराच दिसत नाही. म्हणून खोलीचा आकडा आणि जीपीएसची जागा लिहा आणि तासाभराने परत ताडून पाहा.

निघण्यापूर्वी तुम्ही प्रवासाचा आराखडा दिलेला असेल: नौकेचं नाव, रंग, किती माणसं, कुठून कुठे, कधी पोचणार, कधीपर्यंत खबर न आल्यास शोध सुरू करायचा. तो कॅनडाच्या तटरक्षक दलाच्या रेडिओ केंद्राला देता येतो आणि त्याची एक प्रत घरी, शांत डोक्याच्या माणसाकडे असावी. पोचल्याबरोबर केंद्राशी बोलून तो बंद करा. हे विसरलात तर त्याच धुक्यात, त्याच बर्फात, दुसरी माणसं तुम्हाला शोधायला निघतात.

मग घरी. दक्षिण लॅब्राडोरला उन्हाळ्यात न्यूफाउंडलंडची वेळ चालते, नागपूर तिच्यापेक्षा बरोबर आठ तास पुढे. उत्तरेकडे गेलात की आणखी अर्धा तास वाढतो. तिकडे संध्याकाळी सातला नांगर टाकलात तर इकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात. उपग्रहावरून दोन ओळींचा निरोप टाका: जागेचे अक्षांश-रेखांश आणि सगळे बरे आहोत. फोन घरच्यांची सकाळ झाल्यावर करा.